कोर्लई किल्ला : पाणी बरोबर न्या, भिंती नीट बघा

तीस वर्षं बांधकामाचे ठेके घेतले, त्यामुळे किल्ल्यावर गेलो की आधी सांधे बघतो. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढल्या; गुडघे कुरकुरले, पण अर्ध्या तासात वर पोचलो.

डोंगराची सोंड अरुंद, तीन बाजूंनी पाणी. पोर्तुगिजांनी तिला आडव्या भिंती घालून कप्पे पाडलेत. एक दरवाजा पडला तरी शत्रूला पुढे दुसरा आहेच. अक्कल लागते याला! कुंडलिकेचं मुख आणि चौलचं बंदर इथून सरळ नजरेत येतं. एवढा खटाटोप त्यासाठीच. 1594 मध्ये निजामशाहीकडून त्यांनी ही जागा लढून घेतली, 1740 मध्ये ती मराठ्यांकडे आली.

चर्चचं छप्पर गेलंय, भिंती मात्र उभ्या. चुना नखाने खरवडून पाहिला, हलला नाही. आमचं प्लास्टर तीन पावसाळ्यांत पोपडे धरतं, ते सोडा.

तक्रारी आहेत. वर सावली नाही, माहितीफलक पुरेसे नाहीत, आणि दगडांवर प्रेमवीरांनी नावं कोरलीत. आमच्या साइटवर असते तर मजुरी कापली असती.

उतरल्यावर गावात जरूर थांबा. इथले ख्रिश्चन लोक घरात अजून पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात, तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. दोन आज्या ओट्यावर बोलत होत्या. एक शब्द कळला नाही, पण भांडण सुनेवरूनच असावं.

पाचपैकी चार तारे. एक पाण्यासाठी कापला.