स्वीट कॉर्नचं सुरकुतलेलं बियाणं: घ्या, पण हे वाचून घ्या

भात कापून मळा मोकळा झाला की आम्ही दरवर्षी विहिरीच्या पाण्यावर काहीतरी लावतोच, यंदा कुडाळच्या बाजारातून हायब्रीड स्वीट कॉर्नचं पाकीट आणलं आणि फोडल्यावर जीव खट्टूच झाला, दाणे सगळे चपटे, सुरकुतलेले. जुना माल दिला म्हणून तडक दुकानात परत गेलो.

दुकानातल्या काकांनी हातातलं काम सोडून समजावलं. या मक्यात साखरेचं स्टार्च करणारं एक जीन बिघडलेलं असतं, त्याला 'श्रंकन टू' म्हणतात, त्यामुळे साखर दाण्यातच राहते नि कणीस गोड लागतं, पण आत पीठ भरलेलं नसतं म्हणून दाणा वाळला की आक्रसतो. म्हणजे सुरकुती हीच गोडीची खूण! मात्र कोंबासाठी शिदोरी कमी, त्यामुळे ओल्या गार जमिनीत बी कुजतं. मी ओल हटेपर्यंत आठवडाभर थांबलो, उगवण छान झाली.

झाडं बघून तर डोळे निवले, सगळी खांद्याएवढी, कणसं एका रेषेत. गेल्या वर्षी हायब्रीडचंच घरी राखलेलं बी पेरलं तर एक झाड गुडघ्याएवढं आणि शेजारचं डोक्यावर, कारण पुढच्या पिढीत जीनची वाटणी वेगवेगळी होते. यंदाच्या झाडांना फुटवेही फार नाहीत. मक्याचा पूर्वज मेक्सिकोतलं टिओसिंटे गवत, ते झुडपासारखं फुटतं, मक्यात 'टीबी वन' नावाचं जीन जास्त जोरात चालतं आणि बाजूचे फुटवे दाबून धरतं, म्हणून एकच जाड दांडा. सुमारे 9000 वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी निवडत निवडत हे घडवलं, जीन हा शब्दही नव्हता तेव्हा, मला याचं फार अप्रूप वाटतं.

एक स्टार कापतोय तो पाकिटासाठी. दगडी गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचा साधा मका होता, त्याचा पराग वाऱ्याने आला आणि आमच्या कडेच्या दोन ओळींतल्या कणसांत कितीतरी दाणे पिठूळ निघाले, चांगलं जीन बाहेरून मिळालं की त्याच दाण्यात स्टार्च भरतं. साध्या मक्यापासून लांब लावा एवढी एक ओळ मराठीत छापायला काय हरकत होती? बाकी कणसं मुलांनी कच्चीच खाल्ली.

पुढच्या वर्षी हेच घेणार, फक्त शेजाऱ्यांशी बोलून पेरणी पंधरा-वीस दिवस मागेपुढे करणार.