‘फक्त चेक करायला वेव्ह पाठवा’ म्हणणाऱ्या क्लायंटपासून सांभाळा

फ्रीलान्स मिक्सिंग (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून एक गाणं बनवणं) करणारे, लोकांच्या गाण्यांवर गिटार-बेस वाजवून पाठवणारे, सगळ्यांनी हे वाचा, कारण मला ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत अगदी साधी आहे आणि माणूस बोलायला इतका गोड की शंका यायला जागाच ठेवत नाही.

ओळखीच्या ओळखीतून आलेला क्लायंट. पहिलं काम एकाच गाण्याचं, पैसे मागायच्या आधी पूर्ण जमा. मग तो अख्खी ईपी, म्हणजे छोटा अल्बम, घेऊन आला, मिक्सिंग मी करायचं आणि गिटारही मीच वाजवायची, थोडा ॲडव्हान्स आणि बाकीचे काम झाल्यावर. आपल्या लाइनीत हे रोजचंच आहे. आता कळतंय की पहिल्या गाण्याचे पैसे हेच गळाला लावलेलं आमिष होतं.

मिक्स जवळजवळ झाले तसं सुरू झालं, ‘दादा, एमपी३वर नीट अंदाज येत नाही हो, फक्त चेक करायला २४ बिट वेव्ह द्या ना, लिमिटर काढून, ६ डीबी हेडरूम ठेवून.’ हे वाक्य नीट बघा. वेव्ह म्हणजे पूर्ण क्वालिटीची फाइल, लिमिटर म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं टूल आणि हेडरूम म्हणजे त्या पातळीखाली मोकळी सोडलेली जागा. नुसतं ऐकायचं असेल तर हेडरूम कशाला लागते? हेडरूम लागते मास्टरिंग करणाऱ्याला, म्हणजे रिलीजआधी मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला, म्हणजे फाइल ऐकण्यासाठी नाही तर पुढे पाठवण्यासाठीच मागितलेली असते. मग काही दिवसांनी लाइव्ह शोला बॅकिंग ट्रॅक पाहिजेत म्हणून स्टेम्स मागितले, म्हणजे प्रत्येकाची वेगळी फाइल, ड्रम्स वेगळे, गिटार वेगळी, व्होकल वेगळा. आणि मधेमधे ‘व्होकल जरा मागे वाटतोय’, ‘स्नेअरला अजून जान पाहिजे’ असे रिव्हिजन चालूच, त्यामुळे काम चालू आहे असंच वाटत राहतं आणि उरलेल्या पैशांचा विषय पुढे ढकलला जातो.

मग फोन बंद, मेसेज वाचून उत्तर नाही. आणि एके दिवशी एका मित्राने लिंक पाठवली, गाणं रिलीज झालेलं, मिक्सिंगला भलत्याचंच नाव आणि गिटारवाल्याचं नावच नाही.

हे विचारलं तेव्हा मात्र म्हणे तुमचा मिक्स वापरलाच नाही, सगळं दुसरीकडे नव्याने केलं. म्हणून मी नल टेस्ट केली, म्हणजे दोन फाइलींतला आवाज एकच आहे का ते तपासलं. रिलीज झालेलं गाणं आणि माझी फाइल एकाच सेशनमध्ये घेतली, सॅम्पलपर्यंत जुळवून लेव्हल सारखी केली आणि एकाची पोलॅरिटी, म्हणजे आवाजाची लाट, उलटी केली. दोन्ही आवाज सारखे असतील तर ते एकमेकांना खाऊन टाकतात. मास्टरिंग झालेलं असल्यामुळे कोरसमध्ये बराच आवाज उरला पण सुरुवातीला जिथे गिटार एकटी आणि हळू आहे, जिथे लिमिटरला कामच नाही, तिथे जवळजवळ सगळं गायब झालं, उरली फक्त वरची बारीक खरखर. दुसऱ्याने नव्याने वाजवलं असतं तर असं होणं शक्यच नाही, अहो मी स्वतः तेच परत वाजवलं तरी नल होणार नाही! आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी माझं बोट तारेवरून घसरल्याचा आवाज, तो मी मुद्दाम ठेवला होता, तोही जसाच्या तसा.

गाणी ॲप्सवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे तक्रार केली तर त्यांनी लेखी करार मागितला. करार नव्हता, पण मेसेज होते, तारखांसकट सेशन फाइल्स होत्या आणि सगळ्यात उपयोगी पडले ते कच्चे टेक्स, म्हणजे वाजवतानाची एकेक रेकॉर्डिंग, चुकलेले, मधेच थांबलेले, तालासाठी लावलेल्या क्लिक ट्रॅकसकट. चोराकडे फक्त फायनल फाइल असते, चुकलेले टेक्स वाजवणाऱ्याकडेच असतात, त्यामुळे ते कधीही डिलीट करू नका. गाणं खाली उतरलं, पण थोड्या दिवसांनी तेच गाणं दुसऱ्या नावाने, नवीन आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) घेऊन परत वर. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत.

आता माझ्याकडून ऐकायला जातो तो १२८ केबीपीएसचा, म्हणजे कमी क्वालिटीचा एमपी३, आणि तो चोरून वापरता येऊ नये म्हणून बीप टाकायचा तो कोरसच्या मधोमध, गायकाच्या आवाजावर. सुरुवातीला किंवा शेवटी टाकलेला बीप कापून टाकायला कितीसा वेळ लागतो. वेव्ह पूर्ण पैसे आल्यावरच. स्टेम्स हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे आणि ते कुठे वापरणार हे लिहून घ्यायचं. वाजवलं असेल तर क्रेडिटमध्ये नाव कसं येणार हेही आधीच मेलवर, कारण वाजवणाऱ्याला पुढे जी रॉयल्टी मिळू शकते ती नावच नोंदलेलं नसेल तर आपल्यापर्यंत पोचत नाही.

अजून एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्या ईपीवर गाणाऱ्या मुलीशी मी नंतर बोललो तर तिलाही एक पैसा मिळालेला नव्हता. तिला तो सांगत होता की इंजिनिअर काम लांबवतोय म्हणून अडलंय, आणि मला सांगत होता की गायिकेचे टेक्स यायचेत म्हणून थांबलंय. तिचे टेक्स तिने कधीच पाठवलेले होते. आम्ही दोघं एकमेकांवर वैतागून बसलेलो आणि एकदाही थेट बोललो नव्हतो, कारण नंबर मागितला की तो ‘मी आहे ना मधे’ म्हणायचा. जो क्लायंट गायकाचा, ड्रमरचा नंबर द्यायला टाळाटाळ करतो त्याला तिथेच थांबवा आणि नंबर मिळेपर्यंत पुढची फाइल पाठवू नका.