प्रस्तावना, मनोगत की थेट पहिलं प्रकरण?

पहिल्या पुस्तकाची मुद्रितं तपासून झाली की प्रकाशक हमखास विचारतो, "प्रस्तावना कोणाची घेताय?" ती असणारच, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. नवा लेखक मग नावांची यादी करायला बसतो. खरं तर आधी पाहायचं ते हे, की वाचकाला पुस्तकात शिरताना काही अडणार आहे का, आणि अडलंच तर ते लेखक स्वतः सोडवू शकतो का.

दुसऱ्याची प्रस्तावना शोभते ती लेखक किंवा त्याचं जग वाचकाला अनोळखी असतं तेव्हा. बहिणाबाईंची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. स्वतःबद्दल चार शब्द सांगायला बहिणाबाई तेव्हा हयातही नव्हत्या. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह 1972 चा. त्यातली मुंबईच्या वेश्यावस्तीची बोली पांढरपेशा वाचकाला परकीच होती, आणि प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकरही त्या वाचकाच्याच बाजूचे. अडलेले शब्द त्यांनी ढसाळांनाच विचारले. अशी प्रस्तावना वाचकाच्या आधी ठेचकाळते, म्हणून उपयोगी पडते.

एरवी जे मिळतं ते ठरलेलं असतं: साहित्यप्रकाराचा धावता इतिहास, संग्रहातल्या आठ-दहा ओळी, शेवटी शुभेच्छा. शिवाय वाट पाहण्यात महिने जातात. (सुरुवातीच्या पानांना 'पाच', 'सहा' असे अक्षरी क्रमांक देण्याची पद्धत इथे कामी येते. प्रस्तावना उशिरा आली तरी अनुक्रमणिकेतले आकडे हलत नाहीत.)

मनोगत तुमच्या हातातलं. पुस्तक कशातून उभं राहिलं, कोणत्या काळातलं लेखन आहे, एवढं दोन पानांत सांगता येतं. ते बिघडतं आभारांनी. डीटीपी करणाऱ्यापासून मामेभावापर्यंत सगळे त्यात आले की वाचक पानं उलटतो. ऋणनिर्देश वेगळा करा, हवा तर शेवटी टाका.

संशोधनपर पुस्तकाला लेखकाची भूमिका हवीच: साधनं कोणती वापरली, कालखंड कुठे तोडला, काय मुद्दाम सोडलं. अनुवादालाही अनुवादकाचं मनोगत हवं. कादंबरीला मात्र यातलं काहीच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अर्पणपत्रिका आणि लगेच पहिलं प्रकरण. ई-पुस्तकाचा फुकट नमुना सुरुवातीच्या पानांचाच असतो. तो प्रस्तावनेतच संपला तर कथानकाची चवच कळत नाही.

मोठ्या नावाचा आधार हवाच असेल, तर मलपृष्ठावर पाच-सहा ओळींची पाठराखण घ्या. दुकानात पुस्तक हातात घेणारा आधी तेच उलटून बघतो, आणि लिहिणाऱ्यालाही पाच ओळी जड जात नाहीत.

तरीही प्रस्तावनाच मागायची ठरली, तर निवडक कविता किंवा प्रकरणं न पाठवता पूर्ण संहिता द्या, पृष्ठमर्यादा आणि तारीख आधीच बोलून घ्या. आणि कथासंग्रह असेल, तर शेवट फोडू नका एवढी विनंती बिनधास्त करा.