२४० रुपयांचे बबल लेव्हल आणि १४०० चा लेव्हलिंग बेस: आठ महिने वापरल्यावरचं माझं मत

दिवाळीत घेतलेल्या वस्तूंबद्दल आता जूनमध्ये लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "बबल लेव्हल टाकाऊ, बेस भारी" असं लिहून मोकळा झालो असतो, आणि त्यातलं पहिलं वाक्य साफ चुकीचं ठरलं असतं.

काय घेतलं ते आधी सांगतो. कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये (डोक्यावरची फ्लॅश लावायची खाच) सरकवायचे प्लास्टिकचे चौकोनी बबल लेव्हल, म्हणजे बुडबुड्याच्या नळ्यांची छोटी पाणसळच, दोनचं पाकीट, २४० रुपये. आणि ट्रायपॉड आणि बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवायचा गोळ्यावरचा सांधा) यांच्या मधे बसणारा तीन स्क्रूवाला ॲल्युमिनियमचा लेव्हलिंग बेस, १४०० रुपये. दोन्ही बिनब्रँडचे. शनिवार-रविवार मी पुण्यात भाड्याने द्यायच्या, विकायच्या फ्लॅटचे फोटो काढून देतो आणि उरलेल्या वेळात देवळं, घाट, समुद्र हे माझं स्वतःसाठी. कॅमेरा जुना एंट्री लेव्हल डीएसएलआर आहे, २४ मेगापिक्सेल, त्यात इलेक्ट्रॉनिक लेव्हल नाही, नुसती ग्रिड आहे.

आता पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच, की सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकला फोटो सरळ होतो मग हे कशाला? सरळ होतो, पण फुकट होत नाही. ६००० पिक्सेल रुंद फोटोत १ अंश तिरका म्हणजे डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत क्षितिज साधारण १०५ पिक्सेलने खालीवर होतं. तो सरळ करून तीच ३:२ ची चौकट परत हवी असेल तर सुमारे ५ टक्के क्षेत्रफळ कापलं जातं, आणि २ अंशाला जवळपास १० टक्के. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराला शिखराचा कळस चौकटीत जेमतेम बसवलेला असतो आणि घरी येऊन सरळ करताना नेमका तोच कापला जातो तेव्हा हे टक्के जाणवतात. एवढ्या लांब परत जाणं होत नाही हो.

तर बबल लेव्हल. पहिल्या महिन्यात माझा त्याच्यावरचा विश्वास पूर्ण उडाला होता, बुडबुडा बरोब्बर मधे ठेवून काढलेले फोटो घरी येऊन बघितले तर कधी पाऊण अंश डावीकडे, कधी अर्धा अंश उजवीकडे. त्याच दरम्यान आमच्या इमारतीत टाइल्सचं काम चालू होतं, तिथल्या गवंडी मामांना सहज दाखवला. ते म्हणाले, "साहेब, पाणसळ आधी उलटी फिरवून बघायची असते, मग तिच्यावर विश्वास ठेवायचा." म्हणजे एकाच जागेवर एकदा अशी ठेवायची, मग तिथेच १८० अंशात फिरवून ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या (पाणसळीच्या नव्हे) त्याच बाजूला तेवढाच गेला तर पाणसळ खरी आणि जागा उताराची, बाजू बदलली तर खोट पाणसळीत. आणि जेवढा फरक दिसतो त्याच्या निम्मी खोट. यासाठी जागा अगदी सपाट पातळीत असायची गरजच नाही हे मला फार आवडलं. (स्वयंपाकघराच्या ओट्यावर नुसतं ठेवून "हा खराब आहे" असं ठरवू नका, ओट्याला पाणी वाहून जावं म्हणून बहुतेक वेळा थोडा उतार दिलेला असतो.) मी काचेवर पेन्सिलीने जागा आखून दोन्ही तपासले. एक अगदी नीट, दुसऱ्यात किंचित खोट, पण फोटोत दिसत होती तेवढी नाहीच.

मग ओळंबा केला. दाराच्या चौकटीला दोऱ्याने नटबोल्ट टांगला, तो स्थिर होऊ दिला, दोरा फोटोच्या बरोबर मधोमध येईल असा कॅमेरा लावला, बुडबुडा मधे आणला आणि फोटो. लेव्हल काढून परत घातला, परत फोटो. असं दहा वेळा केलं. दहाही वेळा बुडबुडा मधेच होता आणि दोरा मात्र दर वेळी वेगळा तिरका! तिथे कळलं की खोट नळीत नाही, पायात आहे. शूमध्ये सरकणारा प्लास्टिकचा पाय ढिला होता. शूची रुंदी साधारण १८-१९ मिलिमीटर, त्यात पाव मिलिमीटर जरी एक बाजू वर राहिली तरी पाऊण अंश जातो, आणि पाव मिलिमीटर बोटाला कळतही नाही. पायाच्या खालच्या बाजूला साध्या सेलोटेपचे दोन थर लावले, आता तो घट्ट बसतो. परत दहा वेळा तीच परीक्षा घेतली तर सगळे पाव अंशाच्या आत. आठ महिन्यांत टेप दोनदा बदलावी लागली, उन्हात तिचा गोंद सुटतो. तुमच्या हातात लेव्हल आला की पहिलं काम हे करा, म्हणजे एक रिटर्न वाचेल. पाय धातूचा असेल तर मी तरी घेणार नाही, शूमध्ये फ्लॅशचे कॉन्टॅक्ट असतात.

आणि बुडबुड्याकडे समोरून, अगदी काटकोनात बघायचं. तिरकं बघितलं की बुडबुडा रेघांच्या मधे आहे असं वाटतं आणि तो नसतो. ट्रायपॉड डोळ्याच्या उंचीवर असेल तर वरची नळी नीट दिसतच नाही, माझी उंची कमी म्हणून मला हे जास्त जाचतं.

बहुतेक जण हा लेव्हल क्षितिजासाठी घेतात, मीही त्यासाठीच घेतला होता. पण पैसे वसूल झाले ते दुसऱ्या नळीमुळे, कॅमेरा पुढे-मागे किती झुकलाय हे सांगणाऱ्या. फ्लॅटच्या खोलीत १६-१८ मिलिमीटरची वाइड लेन्स लावली आणि कॅमेरा जरासा खाली झुकला की दारं, कपाटं, खिडक्या सगळ्याच्या उभ्या रेघा खाली निमुळत्या होत जातात, वर झुकला की वर निमुळत्या, खोली पडतेय असं वाटतं. आधी मी हे दर फोटोला सॉफ्टवेअरमध्ये ताणून सरळ करायचो, एका फ्लॅटचे वीसेक फोटो म्हणजे संध्याकाळ गेली. आता कॅमेरा छातीच्या उंचीला, या पुढे-मागेवाल्या नळीचा बुडबुडा मधे, बस. जमीन किंवा छत जास्त दिसत असेल तर कॅमेरा झुकवायचा नाही, ट्रायपॉडची उंची बदलायची. फोटो बदलले ते यानेच, घरमालकांना कारण सांगता येत नाही पण "यावेळी खोली नीट आलीय" असं तीन जणांनी आपणहून सांगितलं.

मात्र लेव्हल बरोबर असूनही फोटो तिरका दिसतो अशा जागा असतात. धरणाचा किंवा तळ्याचा पलीकडचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे. तो काठ तुमच्यापासून तिरका लांब जात असेल तर फोटोत चढ-उतार दिसणारच, पाणी कितीही सपाट असलं तरी. भंडारदऱ्याला मी याच गोंधळात अर्धा तास बबलला दोष देत बसलो. तिथे प्रतिबिंब बघायचं: झाडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचाच शेंडा हे एकाखाली एक, उभ्या रेषेत आले की कॅमेरा सरळ. जुन्या वाड्यांत उलटं असतं, खांब ओळंब्यात नसतात, तुळई मधे खचलेली असते, तिथे बबल प्रमाणे काढलेला फोटो डोळ्याला खटकतो. अशा वेळी मी दोन फोटो काढतो, एक बबलचा आणि एक डोळ्याचा, आणि घरी ठरवतो.

आता बेस. पॅनोरामा, म्हणजे कॅमेरा फिरवत काढलेले फोटो जोडून केलेला एक लांब फोटो, काढत नसाल तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल.

गुहागरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी आठ फोटोंचा पॅनोरामा काढायचा होता. बॉल हेड सैल केलं, बबल बघून कॅमेरा सरळ केला, घट्ट केलं, पहिला फोटो सरळ. मग हेडच्या तळाचा पॅनचा (कॅमेरा आडवा गोल फिरवायचा) स्क्रू सोडून कॅमेरा उजवीकडे फिरवत गेलो तसं क्षितिज तिरकं तिरकं होत गेलं. बबल बरोबर सांगत होता. चुकत होतं ते हे की बॉल हेडने आपण फक्त कॅमेरा सरळ करतो, पॅन मात्र बॉलच्या खालून होतो आणि तो फिरायचा अक्ष ट्रायपॉडच्या पायांबरोबर झुकलेलाच राहतो. ट्रायपॉड समोरच्या बाजूला २ अंश झुकलेला असेल आणि कॅमेरा मधोमध सरळ केला असेल, तर दोन्ही बाजूंना ४५ अंश फिरवल्यावर फोटो जवळपास दीड अंश तिरका होतो, एकीकडे डावा आणि दुसरीकडे उजवा. जोडल्यावर सॉफ्टवेअर क्षितिज सरळ करून देतं पण वरचं आकाश आणि खालची वाळू कापून.

म्हणून बॉलच्या खालचा भाग पातळीत हवा. पाय कमी-जास्त करून होतं, पण घाटाच्या पायऱ्यांवर किंवा वाळूत त्यात पाच-सात मिनिटं जातात आणि सूर्य थांबत नाही. बेसने मिनिटभरात होतं. रस्त्यावर सर्व्हेवाले जसं करतात तसंच, आधी दोन स्क्रू एकदम, दोन्ही अंगठे आतल्या बाजूला किंवा दोन्ही बाहेरच्या बाजूला जातील असे फिरवायचे, बुडबुडा त्या दिशेने मधे आला की मग तिसरा एकटा. लोणारला काठावरून अख्खं विवर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा काठ, एका पॅनोरामात घेतला, वर-खाली कापाकापी नगण्य. तो फोटो मी मोठा प्रिंट करून घेतलाय.

बेसच्या तक्रारी पण आहेत. त्याच्यावरचा गोल बुडबुडा खोटा निघाला. पण तो दुरुस्त करायची गरज पडली नाही: शूमधला लेव्हल घालून कॅमेरा पूर्ण गोल फिरवायचा, फिरताना त्याचा बुडबुडा जागचा हलला नाही की अक्ष उभा झाला, मग तो बुडबुडा मधे असो की बाजूला. त्या स्थितीत बेसचा गोल बुडबुडा जिथे होता तिथे मी मार्करने ठिपका मारला आणि आता त्या ठिपक्यावर आणतो. दुसरं, तीन स्क्रूंवर वजन पेलल्यामुळे थोडी थरथर येते. वाइड लेन्सला काही नाही, पण २०० मिलिमीटरला वाऱ्यात १ सेकंदाचे फोटो हलले, बेस काढल्यावर तेच नीट आले. टेली लेन्सवाल्यांनी हा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. ओल्या वाळूत तर पाय प्रत्येक लाटेनंतर खचतात, त्यामुळे दर सेटच्या आधी परत बघावंच लागतं. शिवाय स्क्रूंच्या आट्यांत वाळू गेली की करकर आवाज येतो, घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब देतो. खारी हवा आणि ॲल्युमिनियम, हे करावंच लागतं. मागवताना स्क्रू ३/८ इंची आहे की १/४ इंची ते ट्रायपॉडशी जुळवून बघा, मला एक कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागला.

कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक लेव्हल असेल तर शूवरचा घेऊ का? डावा-उजवा आणि पुढे-मागे असे दोन्ही झुकाव दाखवत असेल तर नको, पैसे बेसला ठेवा. पण त्यालाही देव मानू नका, कॅननच्या काही मॅन्युअलमध्येच साधारण १ अंशाची चूक असू शकते असं लिहिलंय. एकदा ओळंब्याचा फोटो काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. शूमध्ये माइक किंवा फ्लॅश ट्रिगर लावणाऱ्यांना तर बबल तसाही बसणार नाही, आणि माझ्या कॅमेऱ्यात शूमध्ये काही असलं की वरचा फ्लॅश उघडतच नाही.

पाकिटातला दुसरा लेव्हल मेमध्ये गेला. गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिला, चिकटवलेल्या टोकापाशी भेग पडून द्रव झिरपला आणि बुडबुडा रेघांपेक्षा मोठा झाला, आता काही वाचताच येत नाही. पहिला अजून शाबूत आहे, तो लेन्स पुसायच्या फडक्यात गुंडाळून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवतो.