३०४ की ३१६एल? १४ महिने दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी वापरल्यावर

समुद्राच्या पाण्याचे पंप आहेत आमच्याकडे, त्यांच्या बाजूला दोन कंट्रोल पॅनलचे बॉक्स लावलेत, एक ३०४ चा आणि एक ३१६एल चा (दोन्ही स्टेनलेस स्टीलचे ग्रेड). आधीचा पावडर कोटिंगवाला एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) बॉक्स कडांपासून फुगून सडला म्हणून स्टेनलेसवर आलो. दोन वेगळे ग्रेड मुद्दाम नाही घेतले, ३०४ वाला स्टोअरमध्ये पडून होता इतकंच.

३०४ ला तिसऱ्याच महिन्यात चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ यायला लागले. गंमत बघा, वरची बाजू जिथे पाऊस थेट पडतो ती बऱ्यापैकी स्वच्छ, आणि बॉक्सचा तळ जिथे पाणी पोचतच नाही तिथे सगळी घाण, कारण तिथलं मीठ धुतलंच जात नाही ना. डाग पुसले की निघतात, पण दार उघडून गास्केट बसतं त्या कडेवर नख फिरवलं तर बारीक खड्डे लागतात, ते पिटिंग, ते काही पुसून जात नाही.

३१६एल चा पत्रा अजून मस्त आहे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठातल्या क्लोराइडपुढे तेच टिकाव धरतं. पण गंज तिथेही आलाच, बिजागरीच्या स्क्रूंना! मॉली टेस्टचा थेंब टाकून बघितला तर स्क्रूंमध्ये मॉलिब्डेनम नाहीच. कोटेशनमध्ये ३१६एल बॉक्स लिहिलेलं, स्क्रूबद्दल अवाक्षर नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. (लोहचुंबक लावून ३०४ की ३१६ सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, पत्रा वाकवलेल्या जागी दोन्हींना चुंबक थोडंफार चिकटू शकतं.)

दुसरी चूक शंभर टक्के आमची. साइटवर एक ब्रॅकेट वेल्ड केला, वेल्डशेजारचा निळसर पट्टा पिकलिंग पेस्ट (तो जळका थर काढणारी आम्लाची पेस्ट) न लावता तसाच ठेवला आणि वर एमएस घासलेल्याच डिस्कने फिनिशिंग मारलं, मग काय, लोखंडाचे कण रुतले आणि दोन आठवड्यांत लाल ठिपके. शिव्या आधी ग्रेडला दिल्या.

आणि हो, बॉक्सवरचं आयपी६६ रेटिंग बघून निर्धास्त होऊ नका, तो आकडा फक्त धूळ आणि पाणी आत जाण्याबद्दल बोलतो, गंजाशी त्याचा संबंध नाही.

आता स्क्रू ३१६ चे टाकलेत, ब्रॅकेट पिकलिंग करून घेतला, महिन्यातून एकदा दोन्ही बॉक्स गोड्या पाण्याने धुतो, तळ आधी. ३०४ वाला आत कंट्रोल रूममध्ये हलवणार आहे, तिथे तो आरामात चालेल.