खळीचे पॉइंट शूज नागपूरच्या हवेत: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

बॅलेत बोटांच्या टोकांवर, म्हणजे पॉइंटवर, उभं राहायला जे पॉइंट शूज घालतात, त्यांच्या टोकाला जो कडक भाग असतो, ज्याला बॉक्स म्हणतात, तो लाकडाचा नसतो. कापड आणि कागदाचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून, वाळवून तो केलेला असतो. एवढी एक गोष्ट नीट लक्षात घेतली की नागपुरात हे शूज का टिकतात आणि का टिकत नाहीत, ते आपोआप कळतं. क्लासमध्ये पहिल्यांदा पॉइंटवर जाणाऱ्या मुलींच्या पायात मार्चपासून दिवाळीपर्यंत हे पारंपरिक खळीचे शूज होते, सोबत रबराचा बँड, जेल पॅड, रिबिनी असं बाकीचं सामान. पालक विकत घेण्याआधी विचारतात म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तयारीबद्दल, कारण शूज मुलीला वर उचलत नाहीत. पोटरी, घोटा आणि तळव्याचे छोटे स्नायू उचलतात; शूज फक्त टोकाखाली सपाट जागा देतो. साधारण ११-१२ वर्षांच्या आत घाई नको, आणि त्याआधी आठवड्यातून दोन-तीन तास होतील असं तीन-चार वर्षांचं नियमित बॅले हवं. तरी वय हा शेवटचा निकष नव्हे. पाय लांब करून बसवायचं, पाऊल पूर्ण ताणायला सांगायचं आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला पावलाच्या लांबीत पेन्सिल ठेवायची. पेन्सिलचं वरचं टोक नडगीला अडत असेल तर पाऊल पुरेसं ताणलं जात नाही, आणि अशी मुलगी प्लॅटफॉर्मवर, म्हणजे शूजच्या टोकाच्या सपाट भागावर, नीट येणारच नाही, कायम मागे रेलून उभी राहील. दुसरी चाचणी एका पायावरची: धड पुढे झुकवून, दुसरा पाय मागे सरळ धरून पाच प्लिये, म्हणजे गुडघा वाकवून परत सरळ करणं. पाचपैकी चार तरी कंबर न कलता, गुडघा आत न पडता व्हायला हवेत. तिसरी, एका पायावर सलग १६ उड्या. त्यांतल्या निदान ८ सरळ, पाऊल पूर्ण ताणून आणि आवाज न करता उतरलेल्या. याशिवाय गुडघा सरळ ठेवून एका पायावर २०-२५ वेळा टाच उचलता आली पाहिजे. बार, म्हणजे सरावाचा आडवा दांडा, धरायचा तो बोटांनी, लोंबकळायचं नाही.

या तयारीसाठी लागणारं सामान अगदी स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वसूल तिथेच होतात. टेनिसचा चेंडू दोन्ही घोट्यांच्या हाडांखाली, टाचांच्या मध्ये धरून सावकाश टाचा उचलायच्या. चेंडू पडला म्हणजे घोटे बाहेर कलले, पावलं आत वळली. पॉइंटवर हेच झालं की सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटवर येतो आणि पाय मुरगळतो. रबराच्या बँडचा व्यायाम बहुतेक मुली चुकीचा करतात: ताणताना जोर लावतात आणि परत येताना सोडून देतात. खरं काम परत येतानाच असतं. बोटं लांब ठेवून, न मुडपता पाऊल ताणायचं, मग आधी बोटं, नंतर घोटा, असं चार मोजत सोडायचं. बँडबद्दल एक तक्रार मात्र आहे. लॅटेक्सचा बँड मे महिन्यात चिकट होतो आणि कडांना बारीक चिरा पडतात. वापरण्याआधी उजेडाकडे धरून पाहावा, टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवावा. तुटलेला बँड सरळ तोंडावर येतो.

पाऊल वाकवायचं लाकडी यंत्र मुळीच घेऊ नये. त्याने कमान दिसायला छान होते, पण सैल होतात ते लिगामेंट. ताकद काही वाढत नाही. घोट्याच्या मागच्या बाजूला, टाचेच्या वर, पाऊल ताणताना टोचल्यासारखं दुखत असेल तर तिथे जास्तीचं हाड अडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी आणखी ताणायचं नाही, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवायचं.

आता माप. आपल्याकडे मुलांचं सगळं वाढत्या मापाचं घ्यायची सवय असते, युनिफॉर्मपासून सँडलपर्यंत. पॉइंट शूजच्या बाबतीत ही सवय पायाला इजा करते. मोठ्या बॉक्समध्ये पाऊल खाली घसरतं आणि सगळं वजन अंगठ्याच्या नखावर येतं. नख काळं पडतं ते बहुधा यामुळेच. सपाट उभं असताना बोटं सरळ असावीत, टोकाला टेकलेली पण दुमडलेली नाहीत. टोकावर गेल्यावर टाचेपाशी सॅटिनची लहानशी चिमूट धरता यावी, बस्स. व्हॅम्पने, म्हणजे बोटांवरच्या वरच्या भागाने, बोटांचे सांधे पूर्ण झाकले पाहिजेत. तो आखूड असला तर पाऊल पुढे ओतल्यासारखं बाहेर येतं. शँक, म्हणजे तळातली पट्टी, फार कडक असेल तर डेमी-पॉइंटमधून, म्हणजे टाच उचलून पंज्यावर येण्याच्या मधल्या टप्प्यातून, जाताच येत नाही आणि मुलगी उडी मारून टोकावर चढते. नवख्यांना मध्यम शँक पुरते.

ऑनलाइन मागवताना रोजच्या चपलेच्या नंबरावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. ब्लॉक, कॅपेझिओ, फ्रीड यांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. संध्याकाळी, पाय जरा फुगलेले असताना कागदावर दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा, पंज्याची रुंदी मोजा, कोणतं बोट लांब आहे तेही लिहून ठेवा. शूज आल्यावर सतरंजीवर स्वच्छ चादर घालून, जे पॅड वापरायचे तेच घालून पाहायचे, आणि बाईंनी पाहिल्याशिवाय रिबीन शिवायची नाही. शिवलेले शूज परत घेत नाहीत.

रिबिनी आणि इलॅस्टिक इतवारीत मिळतात. चकचकीत गिफ्ट-रिबीन घेऊ नका, ती घोट्यावरून सरकते. थोडी खरबरीत, २२ मिमी रुंदीची घ्या. एका जोडाला सव्वादोन ते अडीच मीटर, त्याचे चार तुकडे. टोकं मेणबत्तीवर जरा भाजून घ्यायची. शूजची टाच आत दुमडली की घडीचा कोपरा जिथे येतो तिथे रिबीन लावायची, किंचित पुढे कललेली. टाके फक्त अस्तरातून घ्यायचे. काठातल्या नाडीत सुई गेली तर ती नाडी पुन्हा ओढता येत नाही. बांधताना पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा वाकलेला. गाठ आतल्या बाजूला, घोट्याचं हाड आणि टाचेची शीर यांच्या मधल्या खळग्यात.

आणि आता कूलर. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली सावलीत ठेवलेले शूज रात्रभरात खडखडीत वाळतात. पण वाळ्याच्या ताट्या भिजवलेल्या कूलरसमोर वर्ग घेतला की खोलीतली हवा दमट होते, घाम सुकत नाही, आणि बाहेरून हवा व बोटांकडून घाम असं दोन्हीकडून खळीला पाणी लागतं. कूलर चालू आणि खिडक्या बंद, असं असेल तर तासाभरात विंग्ज, म्हणजे बॉक्सच्या बाजू, अंगठ्याने दाबल्या जातात. पॉइंटचा सराव सकाळी, कूलर सुरू होण्याआधी केला तर शूज स्पष्टपणे जास्त टिकतात. कूलर लावायचाच असेल तर समोरची खिडकी सताड उघडी हवी.

पावसाळ्यात उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत शूज वाळतच नाहीत, निदान दोन दिवस लागतात. क्लास संपताच पॅड बाहेर काढायचे, आत वर्तमानपत्र कोंबायचं, दोन-तीन तासांनी ते काढून शूज जाळीच्या पिशवीत पंख्याजवळ टांगायचे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेत राहिले की आत बुरशी आणि कुबट वास. खळ म्हणजे शेवटी पिठाची, त्यामुळे बंद कपाटात कसर आणि झुरळंही येतात. आलटून पालटून वापरायला दोन जोड असतील तर उत्तम.

बॉक्स मऊ पडू लागल्यावर आतून कडक करायला चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावता येते. ही जुनी पद्धत आहे. फेविक्विकसारखा गोंद लवकर धरतो, पण सुती कापडावर तो तापतो आणि वाफ डोळ्यांना झोंबते. खिडकी उघडी ठेवून, मोजक्या थेंबांनी, पाय आत नसताना, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

जेल पॅडबद्दल मी समाधानी नाही. उन्हाळ्यात ते घाम धरून ठेवतात, कातडी पांढरी पडते आणि फोड येतात. जाड पॅडमुळे जमीन कळतही नाही. पातळ कापडी पॅड, अंगठा आणि शेजारच्या बोटात छोटा स्पेसर, नखं सरळ कापलेली: यावर बहुतेक मुलींचं भागतं.

घरी टाइल्सवर किंवा कोटा फरशीवर पॉइंट करू देऊ नका. सॅटिन घसरतं आणि दणका थेट हाडांना बसतो. घरी चेंडू आणि बँड पुरे. क्लासमध्येही सुरुवातीला शेवटची १०-१५ मिनिटंच, दोन्ही हात बारवर, दोन्ही पायांवर आठ-आठ रेलेव्हे (टाचा उचलून टोकावर जाणं), डेमी-पॉइंटमधून चढणं आणि तसंच उतरणं. एका पायावर जायला काही महिने थांबायचं.

खळीऐवजी गेनर मिंडनसारखे प्लास्टिकच्या शँक-बॉक्सचे शूजही मिळतात. घामाने ते मऊ पडत नाहीत, म्हणून इथल्या हवेला सोयीचे. पण महाग, आणि माप चुकलं तर खळीच्या शूजसारखे ते पायाप्रमाणे हळूहळू बसत नाहीत. वाढत्या पायाला म्हणून मी पहिला जोड खळीचाच सांगते. पारंपरिक जोडाचं आयुष्य टोकावरच्या कामाचे साधारण १० ते २० तास. प्लॅटफॉर्मच्या कडा गोल झाल्या, शँक हाताने सहज दुमडली, किंवा नेहमीच्या रेलेव्हेत मुलगी अचानक पुढे कलू लागली, तर सॅटिन नवंकोरं दिसत असलं तरी तो जोड त्याच दिवशी बंद करा.