पहिल्या चार गोष्टी खऱ्या होत्या

कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी बारा वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करते. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री. कायद्याशी संबंध आला तो आबांच्या बांधाच्या दाव्यामुळे. सरकारी मोजणी झाली, शेजाऱ्याने ती मानली नाही, आणि दौंडच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. दर तारखेला रजा टाकून मी आबांबरोबर जायचे. मनाई हुकूम, कोर्ट कमिशनर, कैफियत असे शब्द कानावर पडायचे, ते घरी येऊन वहीत लिहून ठेवायचे. वही भरत आली तेव्हा वाटलं, हे आपण रीतसर शिकावं. वय ३४, मुलगा तिसरीत.

जुलै २०२२ मध्ये एका मैत्रिणीच्या व्हॉट्सॲप स्टेटसला जाहिरात दिसली: ‘कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना एलएलबी, नोकरी सांभाळून’. पुण्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. तिथला माणूस अतिशय सभ्य. पाणी दिलं, माझी गुणपत्रिका पाहिली आणि शांतपणे समजावू लागला. त्याने पहिल्या बैठकीत सांगितलेल्या पहिल्या चार गोष्टी पूर्ण खऱ्या होत्या. कुठल्याही शाखेची पदवी असली तरी तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. खुल्या प्रवर्गाला पदवीला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. वय जास्त म्हणून अडत नाही. आणि पदवीनंतर सनद, म्हणजे वकील म्हणून नोंदणी, घेऊन बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेची ऑल इंडिया बार एक्झाम द्यावी लागते. घरी येऊन मी या चारही गोष्टी तपासल्या. चारही बरोबर निघाल्या, आणि पाचवी तपासायची गरज मला वाटली नाही.

पाचवी गोष्ट होती हजेरीची. “मॅडम, तुम्ही नोकरदार, रोज कॉलेज कसं जमणार? शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात आपली सेटिंग आहे. वर्गात बसायचं नाही, फक्त परीक्षेला जायचं. वर्किंग लोकांसाठी तशी सोयच आहे.”

अशी सोय कुठेही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदे शिक्षणाचे नियम २००८ सालचे आहेत आणि ते कौन्सिलच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात. त्यांत एलएलबी हा नियमित अभ्यासक्रम आहे, विषयवार ७० टक्के हजेरी मागितली आहे. वकिलीची सनद मिळेल असं एलएलबी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन होत नाही. कायद्याचे डिप्लोमा दूरशिक्षणाने मिळतात, त्यांचा उपयोगही आहे, पण डिप्लोमावर सनद मिळत नाही. हे सगळं मला एका संध्याकाळी कळू शकलं असतं. मी वाचलं नाही, कारण त्याचं म्हणणं खरं असावं असं मला मनापासून हवं होतं. माझ्यासारख्या लोकांची नेमकी अडचण वेळेची असते, आणि हे लोक विकतात तेही वेळच.

मी दिलेले पैसे असे: नोंदणीचे २०,००० रोख. पहिल्या वर्षाची फी ५५,००० यूपीआयने, कॉलेजच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर. परीक्षेचे १२,०००. नंतर दुसऱ्या वर्षाचे ५५,०००. एकूण १,४२,०००. पावती मिळाली ती ‘मार्गदर्शन शुल्क’ म्हणून, आणि तीही फक्त पहिल्या दोन रकमांची.

परीक्षेचं सांगायलाच हवं, कारण माझा विश्वास सगळ्यात घट्ट बसला तो तिथे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आम्हाला नेलं. एका शाळेच्या इमारतीत बेंचवर नंबर चिकटवलेले. आम्ही चौदा जण. छापील प्रश्नपत्रिका, पुरवण्या, वर्गात फिरणारे पर्यवेक्षक. महिनाभर रात्री जागून मी करार कायदा वाचला होता, खऱ्या मनाने तीन तास लिहिलं. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ पुस्तक उघडून लिहीत होते आणि पर्यवेक्षक पाहूनही काही बोलले नाहीत. उत्तरपत्रिकेवर ना बारकोड, ना विद्यापीठाचं नाव. बारा वर्षं मी लॅबमध्ये बॅच नंबर नसलेला नमुना हातात घेत नाही. त्या दिवशी ती कोरी जागा पाहिली आणि लिहायला लागले. मे महिन्यात कुरिअरने पहिल्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका आल्या. करार कायद्यात ६८. आबांनी पेढे वाटले.

उघड झालं ते दौंडच्या कोर्टाच्या आवारात. ऑक्टोबर २०२३ ची तारीख होती. मी आनंदाने वकीलसाहेबांना सांगितलं की मीही लॉ करतेय. त्यांनी विचारलं, “ताई, कॉलेज कुठलं?” मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. “विद्यापीठ नको, कॉलेज सांगा. लेक्चरला कधी जाता?” मला कॉलेजचं नाव गुणपत्रिका काढून वाचावं लागलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चहा मागवला आणि म्हणाले, “बार कौन्सिलच्या यादीत हे नाव आहे का तेवढं बघा.”

रात्री शोधलं. मान्यताप्राप्त कॉलेजांच्या यादीत ते नाव नव्हतं. त्या माणसाला फोन केला तर तो गडबडला नाही. म्हणाला, मान्यतेचं नूतनीकरण चालू आहे, होईल. वर नवी ऑफर दिली: आणखी पैसे भरले तर मागच्या तारखेने प्रवेश दाखवून तिसऱ्या वर्षात बसवतो, आणि ४०,००० मध्ये सनदेचं पूर्ण पॅकेज. इथे मी खरं लिहिणार आहे. मी लगेच नाही म्हटलं नाही. दोन दिवस विचार करत होते. गेलेले पैसे वाचवायचे तर अजून थोडे टाकावेत असं वाटत होतं. त्या दोन दिवसांत मी हो म्हटलं असतं तर फसवली गेलेली बाई राहिले नसते, खोट्या कागदाची गुन्हेगार झाले असते. तुम्ही आज त्या टप्प्यावर असाल तर एवढं करा: जे गेलं ते गेलं म्हणा आणि तिथेच थांबा. खोटी पदवी घेऊन बार कौन्सिलच्या दारात जाऊ नका. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या वकिलांच्या पदव्या पडताळण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आहे. कागद विद्यापीठाकडे जाऊन तपासला जातोच.

मी विद्यापीठाच्या कुलसचिवांना स्पीड पोस्टने पत्र लिहिलं, गुणपत्रिकांच्या प्रती जोडल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन ओळींचं उत्तर आलं: या नोंदणी क्रमांकाची विद्यार्थिनी आमच्याकडे नाही, सदर गुणपत्रिका आम्ही दिलेल्या नाहीत.

नंतर समजलं की आम्हा चौदांमधल्या बहुतेकांना त्याने वेगवेगळी अडचण हेरून धरलं होतं. एका अंगणवाडी सेविका ताईंचं उदाहरण मला फार लागलं. त्या बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून बीए झालेल्या. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे अशा पदवीवर एलएलबीला प्रवेश मिळत नाही. दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी असा क्रम असेल तर चालतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला मात्र ठाऊक होतं, म्हणून त्याने त्यांच्याकडून ‘अडचण सोडवण्याचे’ ३०,००० जास्त घेतले. घरी त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

सनदेच्या पॅकेजचंही ऐका. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी शुल्क ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींना १२५. राज्यांच्या बार कौन्सिल प्रत्यक्षात कितीतरी जास्त घेत होत्या, म्हणून तेव्हा ४०,००० हा आकडा मला अशक्य वाटला नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही असं स्पष्ट केलं. आणि त्याने दडवलेली आणखी एक गोष्ट: पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे ‘नोकरी सांभाळून वकील’ हे त्याचं वाक्य पदवी खरी असती तरी खोटंच होतं.

तक्रारीला मी उशीर केला, लाजेपायी. ऑनलाइन पैसे गेले की तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, माझे पैसे जाऊन वर्ष उलटलं होतं. पोलीस ठाण्यात आधी नुसता अर्ज घेतला. आम्ही पाच जण एकत्र गेलो, विद्यापीठाचं पत्र पुढे ठेवलं, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहिता त्या १ जुलैपासून लागू झाली होती, पण आमची फसवणूक आधीची, म्हणून कलम जुन्याच दंडविधानाचं लागलं, फसवणुकीचं ४२०. नव्यात तेच ३१८ आहे. आमच्याकडे यूपीआयच्या नोंदी होत्या म्हणून काहीतरी टिकलं. रोख दिलेल्या वीस हजारांचा पुरावा माझ्याकडे फक्त ती ‘मार्गदर्शन शुल्का’ची पावती.

दरम्यान मी राज्याच्या सीईटी सेलची एलएलबीची प्रवेश परीक्षा दिली. प्रश्न मराठीतही असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि प्रवेश सेलच्या पोर्टलवर गुणवत्तेने मिळतो. फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि पैसे कॉलेजच्या खात्यावर जातात. कंपनीने दुसरी पाळी लेखी मान्य केली. सकाळी कॉलेज, दुपारी तीन ते रात्री अकरा लॅब. घरचे ओढून नेतात म्हणून चाललंय. हे सोपं आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

पहिल्या वर्षाला करार कायदा शिकवताना सरांनी कलम २३ घेतलं. ज्या कराराचा हेतू बेकायदेशीर, तो करारच रद्दबातल. मला धस्स झालं. हजेरी न लावता पदवी मिळावी म्हणून मी पैसे दिले होते, हा हेतू कायद्याच्या नजरेत कसा बसतो? तास संपल्यावर सरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की फौजदारी तक्रार त्याने थांबत नाही, पण दिवाणी दाव्याने पैसे परत मागायला गेलात तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. तेव्हापासून दाव्याचा विचार आम्ही पाचही जणांनी बाजूला ठेवला आहे.

करार कायद्यात यंदा मला ५१ पडले. आबांनी गुणपत्रिका चष्मा लावून वाचली, कॉलेजचं नाव मोठ्याने वाचलं, आणि अंगणवाडीच्या ताईंना फोन लावायला सांगितला. त्यांच्या बारावीचा फॉर्म आता १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, भरायचा आहे.